अंथरूण पाहून पिल्ले आणावीत



कोंबड्यांचे खाते आपल्याकडे बहुधा घरच्या माउलीकडे असते. तुरीचे आणि सोयाबीनचे पैसे घरधन्याच्या हाती येतात, अंड्यांचे पैसे तिच्या पदराच्या गाठीला असतात. मुलाची वही, तापाची गोळी, पाहुण्यांसाठी साखर ही सारी त्याच गाठीतून सुटतात. म्हणून पन्नास पिल्ले आणली आणि दहा दिवसांत त्यांतील तीस दगावली, तर तो तोटा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही; पण घराला मात्र तो लागतो.

पिल्ले मेली की आपण चटकन म्हणतो, "रोग आला", "हवा लागली", "नजर लागली". रोग असतात हे खरे. तथापि पहिल्या तीन आठवड्यांतील मरतुकीची कारणे शोधू गेल्यास ती पुष्कळदा पिल्लांच्या पायाखालीच सापडतात. खालची जमीन थंड होती, ओली होती किंवा निसरडी होती. पिल्लाला दाणा महाग मिळाला, औषधही मिळाले, पण अंथरूण मिळाले नाही. आज आम्ही या अंथरुणाविषयी, आणि त्याला धरून घरात पिल्ले सांभाळण्याच्या चार मुख्य गोष्टींविषयी लिहीत आहोत.

आई नसलेली पिल्ले

गावठी कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवस अंडी उबवते आणि पिल्ले घेऊन अंगणभर हिंडते. पिल्लाला थंडी वाजली की ते आईच्या पंखाखाली शिरते. ऊब, निवारा आणि कोरडी जागा या तिन्ही गोष्टी आईच पाहते. आपण फक्त रात्री डालगे झाकतो.

हॅचरीतून पेटीत येणाऱ्या पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने विकसित केलेली गिरिराज जात १९८९ साली प्रसारित झाली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजही आपल्याकडे पाळली जाते. या जाती परसात चांगल्या वाढतात, वजन धरतात आणि गावठीपेक्षा अधिक अंडी देतात. परसातील कोंबडीपालन देशभर वाढत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत परसातील कोंबड्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या मानाने ही वाढ पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक होती. परंतु सुधारित जातीची कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, आणि पेटीतून येणाऱ्या पिल्लांबरोबर आई येत नाही. अंगावर नुसती लव असलेल्या या जिवाला पहिले काही आठवडे स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. तेव्हा आईचे काम घरच्या माणसांना करावे लागते.

शहाबादी फरशी

कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या फरशीचा लौकिक दूरवर आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ओसरी, पडवी, स्वयंपाकघर, जिकडे पाहावे तिकडे हीच फरशी दिसते. माणसाला उन्हाळ्यात ती सुखाची वाटते. पिल्लाला मात्र तिचे दोन त्रास आहेत.

पहिला त्रास थंडीचा. दगड पिल्लाच्या पोटातील ऊब ओढून घेतो. वर दिवा लावला तरी खालून थंडी लागतच राहते. बीदरच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी १० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा रात्री उघड्या फरशीवर ठेवलेली पिल्ले एकमेकांवर चढतात, आणि खाली सापडलेली गुदमरून मरतात.

दुसरा त्रास निसरडेपणाचा. "अंथरूण पाहून पाय पसरावे" असे आपण म्हणतो. पिल्लाच्या बाबतीत अंथरूण नसले की पाय आपोआप पसरतात! गुळगुळीत फरशीवर पाय दोन बाजूंना घसरतात, कोवळे सांधे ताणले जातात, आणि ते पिल्लू पाय फाकून बसते ते पुन्हा नीट उभे राहत नाही. फरशीवर नुसते वर्तमानपत्र पसरले तरी हेच घडते, कारण कागदही गुळगुळीतच. कागदाचा उपयोग एवढाच की अंथरुणावर पहिले दोन दिवस तो पसरावा, म्हणजे पिल्ले दाण्याऐवजी तूस टिपत नाहीत. तो रोज बदलावा आणि तिसऱ्या दिवशी काढून टाकावा.

मातीच्या जमिनीवर पाय घसरत नाहीत, पण ओल वर येते. सारवलेली जमीन पूर्ण सुकल्याशिवाय तीवर पिल्ले सोडू नयेत.

कोणते अंथरूण घालावे?

कोंबडीपालनाच्या पुस्तकांत या पद्धतीला गादी पद्धत म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. गादीने तीन कामे करावीत: ओल शोषावी, खालची थंडी अडवावी आणि पायाला पकड द्यावी.

भाताचे तूस यासाठी उत्तम. ते हलके असते, लवकर सुकते आणि त्याचे गोळे कमी होतात. रायचूर-सिंधनूरकडे भातगिरण्या पुष्कळ आहेत. तिकडून येणाऱ्या गाडीबरोबर दोन-चार घरांनी मिळून पोती मागवावीत. सुताराकडील रंध्याच्या ढलप्याही चांगल्या. करवतीचा बारीक भुसा मात्र पहिल्या आठवड्यात नको. पिल्ले तो खातात आणि त्याची धूळ त्यांच्या नाकात जाते. भुईमुगाची टरफले कुटून बारीक करून घेतल्यास चालतात. ती जुनी, काळी पडलेली नसावीत.

उसाचे चिपाड आपल्या भागात मुबलक आहे. ते बारीक करून कडक उन्हात वाळवले तर उपयोगी पडते; परंतु त्यात गोडवा उरलेला असतो आणि ओल लागली की बुरशी लगेच धरते. कडबा घालायचा तर बोटाच्या एका पेराएवढे तुकडे करावेत; लांब काड्यांची चटई बनते आणि तिच्याखाली ओल साठते. तुरीच्या भुसकटात टोकदार काड्या असतात. ते शेळीला घालावे, तिला ते गोड लागते. डाळमिलची चुनीही जनावरांच्या गव्हाणीतच शोभते. गोणपाट अंथरण्याची सवय काही घरांत आहे. त्याचे सुटलेले धागे पिल्लांच्या पायांना गुंडाळतात आणि पोटातही जातात.

कोणतेही साहित्य असो, ते दोन दिवस कडक उन्हात वाळवावे आणि हाताने चाळून पाहावे. खिळे, काचा, दोऱ्या काढाव्यात. कुबट वास आला किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले तर ते पोते उकिरड्यावर टाकावे. बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात शिरतात, पिल्ले चोच उघडी ठेवून धापा टाकतात, आणि एकदा जडलेल्या या आजारावर खात्रीचा इलाज नाही.

गादीची जाडी दोन इंच ठेवावी. थंडीच्या दिवसांत ती तीन इंच करावी. पन्नास पिल्लांना पहिला आठवडा चार फूट व्यासाचे गोल कडे पुरते. कडे पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे, दीड फूट उंचीचे असावे. ते गोलच हवे, कारण चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्ले दाटतात आणि चेंगरतात. पुढे दर पिल्लामागे अर्धा चौरस फूट, आणि चौथ्या आठवड्यानंतर एक चौरस फूट जागा द्यावी. म्हणजे पन्नास पिल्लांना दोन महिन्यांची होईपर्यंत पन्नास चौरस फूट कोरडी जागा लागणार. घरात पंचवीस चौरस फूटच मोकळे असतील तर पंचवीसच पिल्ले आणावीत. खिशातील पैसे पाहून पिल्लांची संख्या ठरवू नये. अंथरूण पाहून ठरवावी.

ऊब किती आणि कशी?

पहिल्या आठवड्यात गादीपासून दोन इंच वर, दिव्याच्या कडेला ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइट उष्णता असावी. पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश सेल्सिअसने ती कमी करीत जावे. साधारणतः पिल्लामागे दोन वॅट हा हिशेब धरतात. पन्नास पिल्लांना शंभर वॅटचा एक दिवा लावण्यापेक्षा साठ वॅटचे दोन लावावेत. एक गेला तरी दुसरा राहतो.

येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. हल्ली घरोघर एलईडी दिवे आहेत. ते उजेड देतात, पण पिल्लांना पुरेल अशी ऊब देत नाहीत. उजेड लखलखीत पाहून घरच्यांना वाटते की पिल्ले उबेत आहेत, आणि पहाटे ती गारठलेली सापडतात. ऊब देण्यासाठी तारेचा जुना पिवळा दिवा किंवा खास तांबडा इन्फ्रारेड दिवाच हवा. दिवा गादीपासून दीड फुटावर पक्क्या तारेने टांगावा, नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नये. तूस कोरडे असते. दिवा खाली पडला तर घर पेटण्यास वेळ लागत नाही.

वीज गेली तर काय, याचा विचार पिल्ले आणण्यापूर्वीच करावा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून गादीवर ठेवाव्यात, आणि कड्यावर वारा खेळेल असे सैल पांघरूण घालावे. काही जण कोळशाची शेगडी ठेवतात. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, आणि तो पिल्लांना मारतो तसाच त्याच खोलीत झोपलेल्या माणसांनाही मारतो. शेगडी ठेवायचीच तर खोलीला वरच्या बाजूस झरोका उघडा हवा, आणि त्या खोलीत कोणीही झोपू नये.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लेच सांगतात. ती दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी आहे. दिवा खाली घ्यावा. कड्याला चिकटून, पंख पसरून, चोच उघडून बसली असतील तर उकाडा आहे. दिवा वर घ्यावा. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येतो आहे. सर्वत्र विखुरलेली, काही खाताहेत, काही निजली आहेत, असे दिसले म्हणजे सर्व ठीक आहे. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गीकडे दिवसा पारा चाळिशीच्या पुढे जातो; तेव्हा दिवसा दिवा बंदच ठेवावा, गादी पातळ करावी आणि हवा खेळती ठेवावी.

पाण्याचे भांडे: सर्व ओलीचे मूळ

गादी ओली होते ती बहुतेक पाण्याच्या भांड्यापासून. उघड्या ताटलीत पिल्ले पाय घालतात, भिजतात आणि गारठतात. बाजारात मिळणारे उलट्या बाटलीचे भांडे घ्यावे आणि ते सपाट विटेवर किंवा लाकडी फळीवर ठेवावे. पिल्ले वाढतील तशी भांड्याची कड त्यांच्या पाठीच्या उंचीला येईल इतके ते वर उचलावे.

पिल्ले आली की आधी पाणी द्यावे, मग दाणा. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात लिंबाएवढा गुळाचा खडा विरघळवून पहिले काही तास द्यावा. नंतर साधे पाणी. गुळाचे पाणी फार वेळ ठेवल्यास आंबते आणि मुंग्या येतात. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा अलगद पाण्याला लावावी, म्हणजे त्याला पाणी कळते. पहिल्या दिवशी मक्याची किंवा ज्वारीची बारीक भरड कागदावर पसरावी आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे खाद्य सुरू करावे. नुसत्या ज्वारीवर पिल्ले वाढत नाहीत. त्यांना सुमारे वीस टक्के प्रथिने असलेले खाद्य लागते.

रोज सकाळची मूठ

रोज सकाळी गादीची परीक्षा घ्यावी. मूठभर तूस हातात घेऊन घट्ट दाबावे आणि मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. किंचित चिकटून लगेच सुटला तर गादी योग्य आहे. मुळीच चिकटत नसेल आणि धूळ उडत असेल तर ती फार कोरडी आहे. नाकात धूळ जाऊन पिल्ले शिंकतात.

मग गुडघे टेकून, पिल्लांच्या उंचीला नाक नेऊन वास घ्यावा. उभ्या माणसाला जो वास येत नाही, त्यात पिल्लू चोवीस तास राहत असते. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर ओला भाग काढून तेथे नवे तूस घालावे आणि झरोका उघडावा. भांड्याभोवतीचा भाग रोजच बदलावा. उरलेली गादी एक दिवसाआड हाताने किंवा लहान दाताळ्याने खालवर करावी. ओल्या गादीवर चुना टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. चुन्याने तो झोंबणारा वायू अधिकच सुटतो. चुना पिल्ले येण्यापूर्वी रिकाम्या जमिनीला आणि भिंतीला लावावा, तो वाळला की मगच गादी घालावी.

एवढ्याने काय साधते? तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लांना रक्ती हगवण लागते, तिच्या जंतूंची अंडी विष्ठेतून पडतात. उबदार ओल मिळाली तर ती एक-दोन दिवसांतच दुसऱ्या पिल्लाला बाधण्याजोगी होतात. कोरड्या गादीत त्यांना तशी संधी मिळत नाही. हगवणीत रक्त दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यांना विचारून पाण्यातून औषध सुरू करावे. माणसांच्या उरलेल्या गोळ्या कुटून पाण्यात घालू नयेत. असा वापर वाढला की औषधे जंतूंवर चालेनाशी होतात. याच कारणाने २०१९ साली केंद्र सरकारने कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांसह सर्व अन्न-प्राण्यांसाठी बंद केले.

लस मिळून घ्यावी

मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, गादी चालत नाही; तेथे लसच हवी. पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून देतात. गंबोरोची लस दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मानमोडीची दुसरी मात्रा सुमारे चौथ्या आठवड्यात, आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास मोठ्या पिल्लांची लस. नेमका दिवस पशुवैद्य सांगतील. लस बर्फातूनच आणावी. उन्हात पिशवीतून आणलेली लस पाण्याइतकीच कामाची.

अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, आणि कुपी फोडली की ती एक-दोन तासांतच संपवावी लागते. पंचवीस पिल्लांसाठी कोण कुपी आणणार? म्हणून गावातील चार-पाच घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणावीत, एकाच दिवशी लस द्यावी आणि खर्च वाटून घ्यावा. महिला मंडळांनी हे काम अवश्य हाती घ्यावे. बीदर व कलबुर्गी येथील कृषी विज्ञान केंद्रांत, तसेच बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात माहिती विचारता येते.

घरातील माणसांसाठी

पिल्ले घरात असली तरी स्वयंपाकघरात आणि निजण्याच्या खोलीत नकोत. पडवीचा कोपरा किंवा रिकामी कोठीची खोली बरी. उंदीर आणि मांजर शिरू नये म्हणून अर्ध्या इंचाची जाळी लावावी. लहान मुले पिल्ले गालाला लावतात. विष्ठेतील जंतूंनी त्यांना जुलाब आणि ताप येऊ शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय त्यांना लावावी. गादी बदलताना नाकाला फडके बांधावे. जुनी गादी शेणाबरोबर उकिरड्यात दोन महिने कुजवावी, मग ती शेतात घालावी. गुरांना ती खाऊ घालू नये. मेलेले पिल्लू नाल्यात फेकू नये, खोल पुरावे.

एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर ते शिजवू नयेत, विकू नयेत, आणि त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथम बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. लवकर कळवल्याने शेजाऱ्याच्याही कोंबड्या वाचतात.

बंधुभगिनींनो, वर सांगितलेल्या गोष्टींना फार पैसा लागत नाही. पोतेभर वाळलेले तूस, दोन जुने दिवे, दोन विटा आणि रोज सकाळची दहा मिनिटे एवढ्यावर काम भागते. घरातील प्रत्येकाने एक काम वाटून घ्यावे: मुलांनी पाणी बदलावे, घरधन्याने दिवा आणि जाळी पाहावी, माउलीने मूठ दाबून गादी पाहावी. पुढच्या खेपेस पिल्लांची मागणी नोंदवण्यापूर्वी कोरडी जागा फुटाने मोजा, तूस उन्हात घाला, आणि शेजारणीला विचारा की तीही त्याच दिवशी आणणार आहे का.